विश्लेषण : मिठाईवरची चारोळी ज्या झाडाला लागते, ते ‘चार’ धुऱ्यावर लावता येईल का?

नागपूर : श्रीखंडाच्या वाटीवर, बासुंदीत, करंजीच्या सारणात जे चपटे, मऊ, बदामी दाणे दिसतात ती चारोळी सगळ्यांना ठाऊक आहे. ती ज्या झाडाला लागते ते झाड मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. मोबाइलवर ‘चारोळी’ शोधले, तर आधी चार ओळींच्या कविता समोर येतात, झाड नंतर. खरे तर हे झाड नागपूरकरांच्या अगदी शेजारी आहे. रामटेक-देवलापारच्या पट्ट्यात, पेंचच्या जंगलात, पुढे गोंदिया, गडचिरोलीत आणि तिकडे मेळघाटात ते पिढ्यान् पिढ्या उभे आहे. पण ज्या वस्तूला बाजारात काजू-बदामाच्या बरोबरीचा, अनेकदा त्याहून चढा भाव मिळतो, तिची शेती जवळजवळ कोणी करत नाही. बाजारात येणारी बहुतेक चारोळी आजही जंगलातून वेचून आणलेली असते. हे किती काळ चालेल, आणि बरड जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे झाड धुऱ्यावर लावता येईल का, याचा हा आढावा.

चार आणि चारोळी यांत फरक काय?

चार हे फळ आहे आणि झाडाचे नावही. करवंदाहून थोडे लहान, गोल, पिकल्यावर काळपट जांभळे. वर पातळ साल, खाली आंबट-गोड गराचा पातळ थर आणि आत टणक कवचाची बी. ही बी फोडली की आतून जो दाणा निघतो, ती चारोळी. म्हणजे आपण खातो तो बीच्या आतला गर. फळाचा गर मात्र जंगलाजवळच्या गावांबाहेर सहसा पोहोचत नाही, कारण पिकलेले चार फार टिकत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत जंगलपट्ट्यातल्या आठवडी बाजारांत पानाच्या द्रोणात ते विकायला येतात, एवढेच.

हिंदीत या दाण्याला चिरौंजी म्हणतात. संस्कृतात झाडाचे नाव प्रियाल. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त वसंताच्या वर्णनात प्रियालाच्या मोहराचे पराग हरणांच्या डोळ्यांत जातात, असा उल्लेख आहे. कालिदासाचे नाव रामटेकशी जोडले जाते आणि त्याच्या काव्यातले हे झाडही त्याच परिसरात आढळते. शास्त्रीय नाव ‘बुकननिया लँझान’. स्कॉटिश डॉक्टर आणि वनस्पती अभ्यासक फ्रान्सिस बुकनन यांच्यावरून या प्रजातीला हे नाव मिळाले.

कुळ आंब्याचे. आंबा, काजू, पिस्ता, बिबा ही सगळी याची भावंडे. म्हणूनच मोहोर येण्याची पद्धत, चिवट पाने आणि खोडातून पाझरणारा डिंक यांत आंब्याशी साम्य दिसते.

झाड ओळखायचे कसे?

चाराचे झाड मध्यम उंचीचे, साधारण १० ते १५ मीटर. सर्वांत ठळक खूण म्हणजे खोडाची साल. ती गडद करड्या-काळ्या रंगाची आणि खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली असते. दुरून मगरीच्या पाठीसारखी वाटते. टेंभुर्णी आणि येन यांची सालही भेगाळ असते, त्यामुळे केवळ खोडावरून फसगत होऊ शकते. मग पाने पाहावीत. चाराची पाने जाड, चामड्यासारखी, लांबट आणि टोकाला बोथट असतात. शिरा समांतर व ठळक दिसतात.

जानेवारी ते मार्च या काळात फांद्यांच्या टोकांना हिरवट-पांढऱ्या बारीक फुलांचा मोहोर येतो. परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात. एप्रिल-मेमध्ये फळे पिकतात. म्हणजे मोहफुलांचा हंगाम ओसरत असताना आणि तेंदूपत्त्याचा सुरू होत असताना चार हाती येतात. जंगलावर जगणाऱ्या कुटुंबासाठी हे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. शेतात काहीच काम नसते, हातात पैसा नसतो, त्या दिवसांतली ही कमाई असते.

नागपूरचे ऊन आणि बरड जमीन त्याला मानवते का?

मानवते, कारण हे झाड याच हवामानात घडले आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा, चार महिन्यांत पडून जाणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे, असा मध्य भारतातील पानगळी जंगलांचा स्वभाव. चार त्यातच वाढतो. मुळे खोल जातात. मुरमाड, खडकाळ, उताराच्या हलक्या जमिनीतही तो तग धरतो.

त्याला चालत नाही ते साचलेले पाणी. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात शेतकरी ज्या कसदार काळ्या जमिनीला जपतात, तिच्यात पावसाळ्यात पाणी धरून राहत असेल तर तिथे चार लावू नये. उलट जी जमीन संत्र्याला नको, कापसाला पुरत नाही आणि जिच्यावर तुरीच्या चार ओळींपलीकडे काही घेता येत नाही, ती बरड पट्टी, तो नाल्याकाठचा उतार, तो रुंद धुरा या झाडासाठी योग्य. दुसरे पीक काढून हे लावा, असे म्हणण्याची गरजच नाही. रिकाम्या जागेचाच विचार करायचा आहे.

चारोळी इतकी महाग का?

किरकोळ दुकानात चारोळीचा भाव किलोला हजार रुपयांच्या पुढे असतो. त्यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण, उतारा. वाळलेल्या बीच्या वजनाचा मोठा भाग टणक कवचाचा. ढोबळमानाने चार-पाच किलो वाळल्या बियांमागे एक किलो चारोळी हाती लागते. त्या चार-पाच किलो बियांसाठी त्याच्या कितीतरी पट ताजी फळे तोडावी लागतात.

दुसरे, मेहनत. झाडावर चढणे, फळे उतरवणे, भिजवून गर चोळून काढणे, बिया धुणे, वाळवणे, फोडणे, पाखडणे, निवडणे. यातले बहुतेक काम हाताने होते आणि त्यातला मोठा वाटा बायकांचा असतो.

तिसरे, पुरवठ्याची अनिश्चितता. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, मोहोरावर ढगाळ हवा राहिली किंवा वादळाने कच्ची फळे झडली, तर त्या वर्षी माल कमी येतो. बागायती पिकासारखे पाणी देऊन किंवा फवारणी करून हे सावरता येत नाही, कारण झाड जंगलात आहे.

एवढ्या महाग वस्तूचा पैसा वेचणाऱ्याच्या हाती मात्र कमी पडतो. तो बहुधा फोडलेली चारोळी नव्हे, तर कवचासह बी विकतो. फोडणे, प्रतवारी, साठवण आणि विक्री पुढच्या हातांत जाते आणि दाण्याची खरी किंमत तिथे तयार होते. जुन्या काळी बस्तरसारख्या भागात मिठाच्या बदल्यात चारोळी दिली जात असे. ती अदलाबदल मागे पडली, पण कच्चा माल गावाने द्यायचा आणि मोल बाहेर वाढायचे, ही रीत पूर्ण संपलेली नाही.

जंगलातली झाडे कमी का होत आहेत?

सर्वांत मोठे कारण कच्ची तोड. चार जंगलात सगळ्यांचा असतो. आपण पिकेपर्यंत थांबलो आणि दुसऱ्याने आधीच तोडून नेले, तर आपल्याला काहीच मिळणार नाही, ही भीती प्रत्येकाला असते. म्हणून फळ हिरवे असतानाच तोड सुरू होते. हिरव्या फळातला दाणा पुरता भरलेला नसतो. तो सुरकुततो, वजन भरत नाही, प्रत उतरते. म्हणजे घाईने सगळ्यांचेच नुकसान होते, आणि तरी एकटा माणूस थांबू शकत नाही.

दुसरे, फळे तोडण्यासाठी फांद्या छाटणे. चाराची फळे फांद्यांच्या शेंड्यांना लागतात. तिथवर हात पोहोचत नाही म्हणून फांदीच खाली पाडली जाते, कधी अख्खे झाड. एका हंगामाची सोय होते, पुढची काही वर्षे त्या फांदीला काही येत नाही. डिंकासाठी खोडाला खोल खाचा मारल्या, तरीही झाड खंगते.

तिसरे कारण सहज लक्षात येत नाही. चारोळी म्हणजे बी. किलोभर चारोळीत दहा हजारांहून अधिक दाणे असतात. यातला प्रत्येक दाणा जमिनीत पडला असता तर रोप होण्याची शक्यता होती. जंगलातून जवळजवळ सगळी फळे उचलली गेली, तर रुजायला बी उरतच नाही. मोठी झाडे उभी दिसतात म्हणून जंगल भरलेले वाटते. पण त्यांच्या खाली गुडघाभर उंचीची, कमरेइतकी वाढलेली चाराची रोपे आहेत का, हे पाहिले की खरी स्थिती कळते. म्हातारी माणसे आहेत आणि पाळण्यात मूल नाही, अशी ती वाडी.

चौथे, वणवा. फेब्रुवारी ते मे या काळात जमिनीवरून सरकणारी आग मोठ्या झाडाला फारसे काही करत नाही, पण वर्षा-दोन वर्षांचे रोप जळून जाते. आणि जी थोडी रोपे वाचतात, त्यांना गुरे खातात.

यात वन्यजीवही आले. अस्वलाला पिकलेले चार आवडतात. ते फळे खाते आणि विष्ठेतून बी दूरवर पोहोचवते. बी पसरवण्याचे जंगलाचे हे काम फुकट होत असते. मात्र पहाटे फळे वेचायला जाणारी माणसे आणि अस्वल एकाच झाडाखाली आले तर जिवावर बेतते. म्हणून वेचणीला एकटे न जाणे, पूर्ण उजाडल्यावर जाणे आणि बोलत-आवाज करत जाणे, हे जंगलालगतच्या गावांत लहानपणापासून सांगितले जाते.

कायदा वेचणाऱ्याच्या बाजूने आहे का?

आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वननिवासींना दिला. लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारी वस्तू म्हणजे गौण वनोपज. चार त्यातच येतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचाही अधिकार आहे.

विदर्भातले याचे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार या ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. बांबूला लागू पडलेली वाट चारालाही लागू पडते.

कच्च्या तोडीचा प्रश्न एकटा वेचणारा सोडवू शकत नाही, पण ग्रामसभा सोडवू शकते. अमुक तारखेच्या आधी कोणीही चार तोडायचे नाहीत, फांदी तोडल्यास दंड, प्रत्येक झाडावर काही फळे सोडायची, असे तीन नियम सगळ्या गावाने पाळले की थांबण्याची भीती जाते. पिकलेल्या फळातून दाणा भरीव निघतो, भाव चांगला मिळतो आणि उरलेल्या फळांतून नवी रोपे येतात.

केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली. पहिल्याच यादीत चारोळीच्या बीचा समावेश होता. मात्र आधारभूत किंमत ही तळाची किंमत. ती हातात पडण्यासाठी गावाजवळ खरेदी केंद्र चालू असावे लागते आणि विकणाऱ्याला त्या वर्षीचा दर ठाऊक असावा लागतो. हंगामापूर्वी ग्रामसभेने दर विचारून फलकावर लिहिणे, ही छोटी गोष्ट मोठा फरक करू शकते.

मग शेतात का लावत नाहीत? बी रुजत नाही म्हणून?

बऱ्याच अंशी हो. चाराच्या बीचे कवच दगडासारखे कठीण असते. पाणी आत शिरायला वेळ लागतो. तोवर आतला तेलकट दाणा बुरशीने सडतो किंवा त्याची उगवणशक्ती संपते. बाजारातून आणलेली, वर्षभर पडून राहिलेली बी पेरली तर हाती निराशाच येते. दुकानातली सोललेली चारोळी पेरून तर काहीच उगवत नाही.

उगवण साधण्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. मे महिन्यात झाडावर पूर्ण पिकलेली, काळपट झालेली फळे घ्यावीत. भरपूर फळणारे, मोठ्या दाण्याचे, निरोगी झाड निवडावे.

२. फळे रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी हाताने चोळून गर पूर्ण काढावा. गर राहिला की बुरशी लागते.

३. बिया पाण्यात टाकाव्यात. तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकून द्याव्यात, बुडालेल्या ठेवाव्यात.

४. सावलीत दोन-तीन दिवस सुकवाव्यात. कडक उन्हात बियाणे ठेवू नये.

५. पेरण्यापूर्वी बीच्या जोडरेषेवर हलका ठोका देऊन कवचाला फक्त तडा द्यावा. आतल्या दाण्याला इजा होता कामा नये. सुरुवातीला काही बिया वाया जातील, हात बसला की जमते.

६. तडा दिलेली बी बुरशीनाशक चोळून लगेच पेरावी. साठवण नको. जूनच्या सुरुवातीला पेरणी उरकलेली बरी.

पिशवी उंच घ्यावी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते. आखूड पिशवीत ते वळते आणि असे रोप शेतात नीट धरत नाही. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. बी साधारण बोटाच्या एका पेराएवढी खोल असावी. दोन-तीन आठवड्यांपासून उगवण दिसू लागते. आणखी सोपा मार्ग म्हणजे जिथे झाड हवे तिथेच खड्ड्यात तीन-चार बिया टोकणे आणि सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची काढणे. सोटमुळाला धक्का लागत नाही, त्यामुळे अशी झाडे उन्हाळा चांगला सोसतात.

कलम करता येते का?

येते, आणि शेतीचा विचार असेल तर तेच करावे. बीपासून वाढलेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागू शकतात. शिवाय ते आईसारखे निघेल याची खात्री नसते. एक झाड भरभरून देते, शेजारचे नुसते वाढते.

या बाबतीत उपयोगी पडणारे काम गुजरातमध्ये झाले आहे. पंचमहाल जिल्ह्यात गोध्रा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्रीय बागायती प्रयोग केंद्र आहे. हे केंद्र बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेच्या अखत्यारीत येते. तिथल्या शास्त्रज्ञांनी जंगलातील निवडक झाडांचा अभ्यास करून मृदूकाष्ठ कलमाची पद्धत चारासाठी बसवली आणि ‘थार प्रिया’ नावाचे वाण निवड पद्धतीने पुढे आणले. गोध्र्याचे हवामान आपल्यापेक्षा कोरडे. तिथे पावसाच्या पाण्यावर जे जमते, ते विदर्भातील अधिक पावसाच्या हलक्या जमिनीत करून पाहण्यासारखे आहे.

कलमाची कल्पना आंब्यासारखीच. वर्षभराचे रोप खुंट म्हणून घ्यायचे. चांगल्या झाडाची, फुटण्याच्या बेतात आलेली, पेन्सिलीएवढी डोळकाडी आणायची. काडी तोडण्याच्या आठवडाभर आधी तिची पाने देठ ठेवून छाटली तर डोळे फुगतात. खुंटाच्या कोवळ्या शेंड्याला चिरा देऊन त्यात पाचरीसारखी काडी बसवायची, पट्टीने घट्ट बांधायचे आणि वर प्लास्टिकची छोटी टोपी घालायची. पावसाळ्यातली दमट हवा यासाठी चांगली. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ दाखवू लागते आणि उंचीनेही आटोपशीर राहते. तोडणी जमिनीवरून किंवा छोट्या शिडीवरून होते, फांद्या पाडाव्या लागत नाहीत.

आंब्याची कलमे बांधणारा माळी गावात असेल तर त्याला हे शिकायला वेळ लागणार नाही. रोपे घेताना मात्र रोपवाटिकेला एकच प्रश्न विचारावा, हे बीचे रोप आहे की कलम? कलम असल्यास जोड दिसला पाहिजे.

धुऱ्यावर लागवड कशी करावी?

उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत. पावसापूर्वी वरची माती आणि दोन-तीन टोपली शेणखत मिसळून भरावेत. जुलैमध्ये पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. धुऱ्यावर दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर पुरते. सलग लागवडीत कलमांसाठी पाच-सहा मीटर अंतरही चालू शकते.

पहिले दोन उन्हाळे निर्णायक. पंधरा दिवसांतून एकदा मडक्याने किंवा ठिबकने पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन एवढे केले तरी रोप वाचते. गुरे-शेळ्यांपासून बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण आवश्यक. धुरा पेटवून साफ करण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. एका काडीने तीन वर्षांची मेहनत जाते. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट वेळच्या वेळी काढावी, नाही तर खुंटच वाढतो.

सुरुवातीला पाच-दहा झाडेच लावावीत. फळबाग लागवडीच्या कोणत्या योजनेत हे झाड बसते का, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लागवडीपूर्वी करावी. योजना आणि त्यांतील झाडांच्या याद्या बदलत असतात.

फळ आल्यावर काय करायचे?

घडातली बहुतेक फळे काळपट झाल्यावर तोड करावी. खाली जुनी साडी किंवा ताडपत्री अंथरून फांदी हलवली तरी पिकलेली फळे पडतात. ती त्याच दिवशी पाण्यात भिजवावीत. ढिगात ठेवली की आंबतात आणि बीला वास लागतो. दुसऱ्या दिवशी गर चोळून काढून बिया स्वच्छ धुवाव्यात. विक्रीसाठीच्या बिया उन्हात दोन-तीन दिवस खडखडीत वाळवाव्यात.

फोडण्यासाठी गावात जाते वापरतात. दोन तळ्यांमधले अंतर थोडे वाढवले की कवच फुटते आणि दाणा बहुतांश अख्खा राहतो. मग सुपाने पाखडून दाणे वेगळे काढतात. विजेवर चालणारी फोडणी यंत्रेही आता मिळतात. एका घराला यंत्र परवडणार नाही, पण बचत गटाने मिळून घेतले तर कवचासह बी विकण्याऐवजी दाणा विकता येतो. मघाशी पाहिलेले मोल तिथेच वाढते. दाणे मोठे, लहान आणि तुकडा असे तीन भागांत निवडावेत. मिसळलेल्या मालाला तुकड्याचाच भाव मिळतो.

घरात त्याचा उपयोग कसा करावा?

पिकलेले चार तसेच खावेत. गर चोखायचा, बी वाळत टाकायची. वाटीभर पिकलेले चार पाण्यात कुस्करून गाळावेत, त्यात गूळ, चिमूटभर काळे मीठ आणि जिरेपूड घालावी. मेच्या उन्हात हे सरबत छान लागते. ते त्याच दिवशी संपवावे.

चारोळीचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. प्रथिनेही भरपूर. म्हणून ती वाटली की काजूसारखी दाट, गुळगुळीत पेस्ट होते आणि रश्शाला दाटपणा देते. पाव वाटी चारोळी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून चोळली की वरचे पातळ तपकिरी साल निघते. ती दुधात वाटून खिरीत घातली, तर तांदूळ किंवा शेवया कमी लागतात आणि वेगळा खमंगपणा येतो. मध्य प्रदेशातल्या सागरची चिरौंजी बर्फी प्रसिद्ध आहे. तिथे ही चारोळी वर पेरण्यापुरती नसून मुख्य जिन्नस असते. संत्रा बर्फीच्या नागपुरात असा प्रयोग करायला काहीच हरकत नाही.

तेल जास्त म्हणजे खवट होण्याचा धोकाही जास्त. घेताना एक दाणा चावून पाहावा. कडवट किंवा जुन्या तेलासारखी चव लागली तर घेऊ नये. घरी हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच आणावी. चार काजू-पिस्त्याच्या कुळातला आहे. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

शेतकऱ्याने किती अपेक्षा ठेवावी?

चार हे सोयाबीन-कापसाला पर्याय नाही. कलम लावले तरी चार-पाच वर्षे काही मिळणार नाही, चांगले उत्पन्न त्याहूनही उशिरा. एखाद्या वर्षी मोहोर झडेल. भरपूर फळणारी वाणे अजून मोजकीच आहेत आणि कलमी रोपे सहज मिळत नाहीत. एखादा विक्रेता ‘एकरी लाखोंचे उत्पन्न’ सांगून हजार रोपे गळ्यात मारत असेल, तर त्याला आधी फळावर आलेली त्याची बाग दाखवायला सांगावी.

पण धुऱ्यावरचे चाराचे झाड एकदा उभे राहिले, की त्याला फवारणी नाही, फारसे पाणी नाही, आणि फळ त्या महिन्यांत येते जेव्हा घरात दुसरी आवक नसते. आपल्या धुऱ्यावरचे फळ दुसरा तोडून नेईल ही भीती कमी, त्यामुळे ते पिकेपर्यंत थांबता येते. जंगलात ग्रामसभेला जी शिस्त नियमाने लावावी लागते, ती स्वतःच्या धुऱ्यावर आपोआप येते. शेतातून थोडी चारोळी बाजारात येऊ लागली, तर जंगलातल्या झाडावरचा ताण तेवढा हलका होईल.

येत्या मे महिन्यात रामटेककडे जाणे झाले आणि रस्त्याकडेला चार विकायला दिसले, तर द्रोणभर घ्यावेत. काळे, मऊ झालेले घ्यावेत, हिरवे नकोत. गर खाऊन झाल्यावर बिया फेकू नयेत. धुवून, सावलीत सुकवून, हलका तडा देऊन पावसाआधी पेरून पाहाव्यात. वीसपैकी चार-पाच रुजल्या तरी सुरुवात झाली असे समजावे.